साधनेचे ठिकाण शोधताना



ध्यानधारणेसाठी जवळपास चांगले ठिकाण कोणते, असा प्रश्न हल्ली पुष्कळजण विचारतात. पुण्याची माणसे त्याचे उत्तर शोधीत पौडच्या रस्त्याने मुळशीकडे निघतात. मालेच्या आसपास धरणाचे पाणी दिसू लागले की मन निवते. येथेच डोळे मिटून बसावे, असे वाटते. त्या वाटण्यात खोटे काही नाही. पण निवांत जागा आणि साधनेचे ठिकाण ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

ते पाणीच पाहा. टाटा कंपनीने मुळा नदी अडवून ते साठविले. घाटाखाली भिऱ्याला उतरवून त्यावर वीज होते. त्याच्या तळाशी मावळातल्या शेतकऱ्यांची भातखाचरे, घरे आणि देवळे गेली. ती जाऊ नयेत म्हणून १९२१ साली रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला, आणि त्यापायी सेनापती बापटांनी तुरुंग भोगला. पाण्याकाठी शांती शोधणाऱ्याने एवढे तरी जाणून बसावे. शेजाऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवून मिटलेले डोळे अंतर्मुख झाले, असे म्हणता येत नाही.

मग ठिकाण कोठे? पहिले आपल्या गावातच असते. संध्याकाळी देवळात हरिपाठ म्हणणारी चार माणसे, हाही एक साधकसंघच. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहाटेच्या पहाऱ्याला उभा राहणारा शेतकरी एकाग्रता शिकण्यासाठी दूर जात नाही.

ज्याला ही वाट रुचत नाही, त्याला दुसऱ्या आहेत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि प्राणायामाची परीक्षा प्रयोगशाळेत मांडली. सत्यनारायण गोयंका १९६९ साली ब्रह्मदेशातून आले. पुढे इगतपुरीस धम्मगिरी उभे राहिले. तेथे दहा दिवसांचे शिबिर असते, बहुतेक काळ मौन पाळावे लागते. शुल्क घेत नाहीत; ज्याने शिबिर पुरे केले, त्याचेच दान स्वीकारतात.

एखादे नवे केंद्र पाहावयास गेलात, तर काही साध्या गोष्टी विचारा. संस्था सार्वजनिक न्यास असेल, तर १९५० च्या कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडे तिची नोंद असली पाहिजे आणि तपासलेले हिशेब तेथे गेले पाहिजेत. नोंदणीचा क्रमांक विचारण्यात अविनय नाही. आधी घसघशीत रक्कम आणि मग अनुभव, असा क्रम दिसला तर सावध व्हावे. गुरूला प्रश्न विचारलेला चालतो का? मध्येच उठून घरी जाण्याची मोकळीक आहे का? घरच्यांशी संबंध तोडावयास कोणी सांगते का? आणि चमत्काराने रोग बरा करतो असे जेथे म्हणतात, तेथून पाय काढता घ्यावा. अशा फसवणुकीविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदाच आहे. मनाचा आजार असेल, तर प्रथम वैद्याकडे जावे. चांगल्या शिबिरात प्रवेशापूर्वी प्रकृतीची विचारपूस होते, ती ह्याचसाठी.

शेवटची परीक्षा केंद्रात होत नाही, घरी परतल्यावर होते. जेवणात मीठ कमी पडले असता आवाज चढत नाही, म्हाताऱ्या वडिलांची तीच गोष्ट पुन्हा ऐकून घेता येते, मोलकरणीचा पगार वेळेवर जातो, असे होऊ लागले, तर ठिकाण बरे मिळाले म्हणावे. तसे होत नसेल, तर पाण्याचा देखावा कितीही रम्य असो, शोध चालूच ठेवावा.