रोशा गवताचा सुवास

पावसाळा सरत आला म्हणजे मेळघाटाच्या उतारांवर एक उंच गवत फुलोऱ्यावर येतें. वऱ्हाडांत त्यास रोशा किंवा तिखाडी म्हणतात. तें कापून भट्टींत पाण्याबरोबर उकळतात. वाफ निवली कीं पाण्यावर तेल तरंगूं लागतें.

गवताच्या या तेलास गुलाबासारखा वास कां यावा? त्यांतील मुख्य द्रव्य जिरॅनिऑल हें गुलाबांतहि असतें. जर्मन रसायनशास्त्रज्ञ याकोबसेन यांनीं तें १८७१ सालीं याच तेलांतून वेगळें केलें. 'मोतिया' रोशाच्या तेलांत तें बहुधा शेंकडा ७५ हून अधिक असतें. 'सोफिया'च्या तेलांत बरेंच कमी. दोन्ही गवतें दिसावयास जवळजवळ सारखींच. पारख करावी ती नाकानेंच.

सांधे दुखत असल्यास हें तेल गोड्या तेलांत मिसळून चोळण्याचा प्रघात आहे. त्याच्या वासानें डांसहि दूर राहतात. मात्र नुसतें तेल कित्येकांच्या कातडीस झोंबतें, आणि पोटांत तर तें घेऊंच नये.

एकोणिसाव्या शतकांत हें तेल मुंबईहून तुर्कस्तानास जाई. तेथें त्याची गुलाबाच्या अत्तरांत भेसळ होई. युरोपांत तर त्यास 'तुर्की जिरॅनियम तेल' असें नांव पडलें. रानांत धुराशीं झगडून ज्यांनीं तें काढलें, त्यांच्या मुलुखाचें नांव असें वाटेंतच हरपलें. आतां बाजारांत 'पामारोझा' अशी चिठ्ठी असलेली बाटली दिसली, तर आंत आपल्याच डोंगरचा रोशा आहे, एवढें तरी अमरावती-अकोल्याच्या घरांनीं ओळखावें.