फोर्कला कुलूप कशाला?



  अध्यक्ष म्हणून प्रथेप्रमाणे मी संघटनेच्या वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यायला हवा. तो छापील अहवालात आहे, सवडीने वाचा. मला सकाळच्या परिसंवादाबद्दल बोलायचंय. खरं तर हे बोलायला गेली कित्येक वर्षं मी व्यासपीठच शोधत होतो.

सकाळी तरुण मित्रांनी मांडणी छान केली. कोडचं भांडार ब्लॉकचेनवर ठेवायचं, मालकी साखळीवर नोंदवायची आणि फोर्क (म्हणजे कोडची स्वतःची वेगळी प्रत) कोणी करायचा हे स्मार्ट कॉन्ट्रॅक्टने ठरवायचं. कॉसमॉसवर उभ्या असलेल्या गिटोपिया या कोड-भांडारांच्या मंचावर फोर्क चालू-बंद करायची सोय आहेच, असा दाखलाही दिला. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत.

साखळी नेमकं काय अडवते? ‘फोर्क’ नावाचा व्यवहार, एवढंच. लिनस टॉरवाल्ड्सने 2005 साली गिट लिहिलं, तेव्हापासून क्लोन केला की अख्खा इतिहास सोबत येतो. उघडं भांडार ज्याला वाचता येतं, त्याला ते क्लोनही करता येतं. त्यासाठी ना साखळीवर नोंद लागते ना गॅसचे, म्हणजे व्यवहार-शुल्काचे, पैसे. तोच क्लोन दुसऱ्या नावाने नव्या भांडारात चढवला की फोर्क तयार! फक्त तो कुठून आला याची नोंद राहत नाही. आता गंमत बघा. साखळीचा खरा उपयोग काय, तर कुठलं काम कुठून आलं हे पुसता न येण्याजोगं नोंदवणं. बंदी घालून आपण नेमकं तेच घालवतो. कोणी म्हणेल, कोड एनक्रिप्ट करा. जरूर करा. पण ज्याला किल्ली दिलीत, त्याच्या डिस्कवरचा उलगडलेला कोड कुठलं कॉन्ट्रॅक्ट परत आणणार?

एक अनुभव सांगतो. एका सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर एका कंपनीने केलं होतं. भांडार खासगी, फोर्कला सक्त मनाई. ऐन गाळप हंगामात कंपनीने गाशा गुंडाळला आणि भांडारही बंद झालं. त्यातच एका गडबडीने बाइंडिंगची, म्हणजे उसाच्या मोळ्या बांधायच्या साहित्याची, वजावट दोनदा धरली जाऊ लागली. बाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग, आणि हातात पावती धरून शेतकरी काट्यावरच्या कारकुनाला विचारतोय, “माझा ऊस गेला कुठं?” काट्याच्या संगणकावर नुसती एक्झी फाइल. करारानुसार कोडवर हक्क कारखान्याचा, पण कोड कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. शेवटी कंपनी सोडून गेलेल्या एका मुलाच्या लॅपटॉपवर क्लोन सापडला. बिजागरी मोडलेली, स्क्रीन भिंतीला टेकवून ठेवायचा. लॉग उघडला, वजावटीच्या सूत्रात कधी काय बदललं ते ओळीने दिसलं. त्याच रात्री काटा दुरुस्त झाला. फोर्कवरची मनाई खरोखर लागू पडती, तर त्या पावत्या तशाच छापत राहिल्या असत्या. सकाळच्या वादाचा निकाल माझ्यापुरता त्या काट्यावरच लागलाय.

जगातही वेगळं चित्र नाही. अमेरिकी अर्थखात्याने ऑगस्ट 2022 मध्ये टोर्नेडो कॅश या क्रिप्टो मिक्सरवर निर्बंध घातले आणि गिटहबवरून त्याचं भांडार काढलं गेलं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या मॅथ्यू ग्रीन यांनी त्याच्या प्रती पुन्हा चढवल्या. प्रती लोकांकडे होत्या, म्हणूनच ना? आणि ज्या इथेरियमसारख्या साखळ्यांच्या भरवशावर तुम्ही कुलूप बनवताय, ती इथेरियमच ‘द डाओ’ या तिच्यावरच्या सामायिक निधीतल्या चोरीनंतर जुलै 2016 मध्ये दुभंगली, म्हणजे तिचाच फोर्क झाला. जुनी शाखा इथेरियम क्लासिक म्हणून आजही चालते. तिने कोणाची परवानगी मागितली होती?

युनिस्वॅप या क्रिप्टो-विनिमय मंचाचं नाव सकाळी दोनदा आलं. 2020 मध्ये प्रतिस्पर्धी सुशीस्वॅपने त्यांचा कोड उचलला, म्हणून 2021 मध्ये तिसरी आवृत्ती बिझनेस सोर्स लायसन्सखाली आली, हे बरोबर. सवलत द्यायचा अधिकार टोकनधारकांच्या मतदानाकडे होता, हेही बरोबर. पण बंदी होती ती परवान्याची, म्हणजे कायद्याची, आणि व्यापारी वापरापुरती. कोड सगळ्यांना दिसत होता. शिवाय एप्रिल 2023 मध्ये तो जीपीएलखाली खुला व्हायचा, हे परवान्यातच लिहिलेलं होतं. मुदत घातलेली बंदी मला समजते. बेमुदत बंदीला मात्र माझा विरोध आहे.

राखायचंच असेल तर मुख्य शाखा राखा. रॅडिकल या कोड-भांडारांच्या जाळ्यात प्रत्येकाची स्वतःची प्रत असते, पण अधिकृत शाखा कुठली हे नेमलेल्या प्रतिनिधींच्या ठरावीक संख्येच्या सह्यांवर ठरतं. त्याला ब्लॉकचेनही लागत नाही. डोकं लढवायचं तर इथे लढवा. सही करणाऱ्यांपैकी एकाची किल्ली हरवली तर काय, एखादा वारला तर काय? यावर एक गट नेमावा असं माझ्या मनात आहे, तपशील नंतर बसून ठरवू. परवाने सोप्या मराठीत आणायचं कामही कोणीतरी अंगावर घ्यायला हवं.

आता ठरावाकडे येतो. दुपारी मतदानाला येणाऱ्या मसुद्यातल्या चौथ्या कलमात सभासदांच्या सामायिक भांडारांवर ‘परवानगीशिवाय फोर्क नाही’ असं म्हटलंय. त्याऐवजी ‘प्रत्येक फोर्कवर मूळ भांडाराची नोंद असावी’ असं घालावं, अशी दुरुस्ती मी सुचवतो. अध्यक्षाला मत नसतं, म्हणून तुमचं मागतोय.