मैदानावरचा मार आणि घरचा उपचार

(संस्थेच्या क्रीडा सप्ताहात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



क्रीडा सप्ताहात बोलायला डॉक्टरला बोलावले याचे मला थोडे नवल वाटले. एरवी अशा प्रसंगी खेळाडूला बोलावतात, आणि डॉक्टरची आठवण होते ती कोणी पडल्यावर. मी हाडांचा तज्ज्ञ नाही. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा साधा डॉक्टर आहे. आज जे सांगणार आहे ते पुस्तकात आहेच. पण त्यातले पुष्कळसे मी लोकांच्या चुका पाहून आणि एकदा स्वतः चूक करून शिकलो आहे.

पहिली गोष्ट औषधाची नव्हे. खेळताना लागलेले मूल माझ्याकडे बहुधा त्याच दिवशी येत नाही. दोन-तीन दिवसांनी येते, पाय चांगला भोपळ्यासारखा सुजल्यावर. "काल का नाही आणलेत?" असे विचारले की अब्बा मुलाकडे पाहतात आणि मूल जमिनीकडे. मैदानावरचा मार मुलगा लपवतो, कारण घरी दुसरा मार त्याची वाट पाहत असतो. मुलींच्या बाबतीत तर अम्मीसुद्धा लपवते. "खेळायला पाठवलीच कशाला?" हे बोलणे तिला ऐकायचे नसते.

अशीच एक दहा वर्षांची मुलगी. खो-खो खेळताना हात टेकून पडली आणि कोपर सुजले. आईने कोणाला न सांगता तिला शेजारच्या गावी हाडवैद्याकडे नेले. त्याने हात ओढला, बांबूच्या कामट्या लावून फडक्याने करकचून बांधला आणि आठ दिवस सोडू नका म्हणून सांगितले. पोर रात्रभर रडली. दादी म्हणाली, हाड बसताना दुखायचेच. तिसऱ्या दिवशी बाप तिला घेऊन आला तेव्हा बोटे गार आणि निळसर पडली होती, आणि सरळ होत नव्हती. मी फडके कापले आणि तिला जिल्ह्याच्या गावी धाडले. शस्त्रक्रिया झाल्या. हाड तर उत्तम जुळले. पण कोपराखालचे स्नायू मेले होते, ते परत आले नाहीत. बोटे आखडली ती आखडलीच. ती डाव्या हाताने लिहायला शिकली, शाळा पूर्ण केली, आज दोन मुलांची आई आहे. चपाती लाटता येते, भाकरी थापता येत नाही, असे तिनेच मला एकदा सांगितले.

हे का झाले ते समजून घ्या. कोपराच्या पुढच्या बाजूने हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. हाड मोडले की आत सूज येते, आणि सुजेला पसरायला जागा हवी असते. बाहेरून घट्ट बांधले तर ती आतच दाब देते, स्नायूंना रक्त मिळेनासे होते आणि काही तासांतच ते मरू लागतात. फोल्कमन नावाच्या जर्मन शल्यविशारदाने १८८१ मध्ये याचे वर्णन करून घट्ट बांधलेल्या पट्टीला दोष दिला होता. म्हणून पट्टी असो की प्लास्टर, ते कोणीही बांधलेले असो, मी बांधलेले असले तरी, एवढे ध्यानात ठेवा: बांधल्यावर दुखणे कमी व्हायला हवे. ते वाढत गेले, बोटे हलकेच सरळ करताना मूल किंचाळू लागले, बोटे बधिर, फिकट किंवा गार पडली, तर सकाळची वाट पाहू नका. फडक्याची पट्टी तिथल्या तिथे सोडा. प्लास्टर असेल तर रात्री दोन वाजताही डॉक्टरला उठवा.

हाडवैद्यांची मी चेष्टा करणार नाही. डॉक्टर नव्हते तेव्हा त्यांनीच गावे सांभाळली, आणि काहींच्या हातात खरोखर कसब असते. पण हाड मोडले आहे की नाही, कसे मोडले आहे, हे एक्स-रेशिवाय त्यांना कळत नाही. मलाही कळत नाही. मुलांचे एक वेगळेच असते. वाढत्या हाडाच्या टोकाशी कोवळा वाढीचा भाग असतो आणि तो पुष्कळदा सांध्याच्या बंधांपेक्षाही नाजूक असतो. मोठ्या माणसाला जिथे नुसती लचक भरते, तिथे मुलाचा हा भाग दुखावलेला असू शकतो. तो चोळून, ओढून अधिक बिघडवला तर पुढे हाड आखूड किंवा वाकडे वाढते.

तेव्हा हाड मोडल्याचा संशय आला तर काय करायचे? हात ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत आधार द्यायचा, सरळ करायला जायचे नाही. वर्तमानपत्राची जाड गुंडाळी किंवा लाकडी पट्टी चालते. ओढणीची झोळी करून गळ्यात अडकवा. बांगड्या, अंगठी, घड्याळ, दंडावरचा ताईत ताबडतोब काढा. सूज आल्यावर ते कापावे लागतात. जखमेतून हाड दिसत असेल तर ते आत ढकलू नका, स्वच्छ कापडाने झाका. निखळलेला खांदा किंवा बोट मित्रांनी ओढून बसवायचे नाही. सिनेमातला नायक बसवतो, त्याला बसवू द्या. आणि वाटेत मुलाला चहा-बिस्किट खायला घालू नका. भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामे असलेले बरे.

आता घोटा. कबड्डी, फुटबॉल, क्रिकेट, कशातही पाय मुरगळतो आणि घरी लगेच दोन गोष्टी होतात: गरम शेक आणि चोळणे. पहिले दोन दिवस या दोन्ही नकोत. आत बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात; शेकाने आणि मालिशीने सूज वाढते. मांडीला गुडघा लागून गोळा आला असेल तर तो चोळल्याने पुढे स्नायूत हाडासारखा कठीण भाग तयार झालेला मी पाहिला आहे. आंबेहळदीचा लेप लावायला माझी हरकत नाही, कातडी फुटलेली नसली म्हणजे झाले. मात्र लेप लावायचा, रगडायचा नाही.

खेळ थांबवा. पाय उशीवर उंच ठेवा. टॉवेलात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवा आणि दोन-तीन तासांनी पुन्हा. उघडा बर्फ कातडीवर ठेवू नका, त्यानेही भाजल्यासारखे होते. घरी फ्रीज नसेल तर मासळी बाजारातला बर्फ चालतो, नाहीतर माठाच्या पाण्यात भिजवलेले फडके. क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळा. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी झाले पाहिजे. नाहीतर बँडेज सैल करा. झोपताना ते काढलेलेच बरे.

विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची ही चौकडी डॉ. मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७८ मध्ये आपल्या पुस्तकातून प्रसिद्ध केली, आणि पुढे त्यांनी स्वतःच त्यात दुरुस्ती केली. बर्फाने दुखणे कमी होते हे खरे. पण दिवसेंदिवस बर्फ लावत राहिल्याने जखम लवकर भरते असे नाही, आणि आठ-आठ दिवस खाटेवर पडून राहिल्याने तर घोटा आखडतो. दोन दिवसांनंतर, दुखण्याच्या मर्यादेत, पाय हळूहळू हलवायला आणि टेकायला लागावे. पूर्वी मीही लोकांना पंधरा दिवस निजवून ठेवत असे. आता ठेवत नाही.

एक्स-रे केव्हा काढायचा? कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी सोपे नियम दिले. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडे वर आलेली असतात त्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर बोटाने दाबल्यास दुखत असेल, किंवा लंगडत का होईना चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढा. पावलाच्या मध्यावर आतल्या किंवा बाहेरच्या काठाला हाडावर दाबून दुखत असेल तरीही काढा. अगदी लहान मुलांच्या बाबतीत मात्र नियमावर विसंबू नका, दाखवून घ्या.

दुखण्यावर पॅरासिटामॉल पुरते, तेही वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारून. सोळा वर्षांखालील मुलांना अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने देऊ नये. नायमेसुलाइड हे औषध बारा वर्षांखालील मुलांना देण्यास आपल्या देशात २०११ मध्ये बंदी आली, तरी एखाद्या घरात मोठ्यांसाठी आणलेली त्याची गोळी अर्धी मोडून मुलाला दिली जाते.

आता माझी चूक. उमेदीच्या काळात एका कबड्डी स्पर्धेत मी डॉक्टर म्हणून बसलो होतो. चढाई करणाऱ्या एका मुलाचे डोके दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटले. तो क्षणभर पडून राहिला, मग उठला, हसला. मी डोळे पाहिले, नाव विचारले, त्याने सांगितले. सामना अटीतटीचा होता, दोन्ही बाजूंनी ओरडा चालला होता, आणि मी त्याला परत आत सोडला. रात्री त्याला चार-पाच उलट्या झाल्या आणि तो गुंगीत गेला. देवाच्या कृपेने पोर वाचले. पण ती रात्र मी इस्पितळाच्या पायरीवर काढली, आणि त्याच्या बापाने मला एक शब्दही विचारला नाही हे मला अजून टोचते.

उभा राहिला, चालला, बोलला म्हणजे डोक्याला काही झाले नाही असे नव्हे. रमण लांबा हा आपला कसोटीपटू फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याला फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता, क्षेत्ररक्षण करीत होता. चेंडू डोक्याला लागला. तो उठून चालत मैदानाबाहेर गेला, आणि तीन दिवसांनी इस्पितळात मरण पावला. आत रक्तस्राव हळूहळू होतो, म्हणून मधला काही वेळ माणूस ठीक दिसतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेट मंडळाने २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूऐवजी दुसरा खेळाडू घेण्याची परवानगी दिली आहे. तिथे एवढी खबरदारी, तर शाळेच्या सामन्यात आपल्याला कसली घाई?

डोक्याला मार लागून मूल गोंधळले, तेच तेच विचारू लागले, डोके दुखते किंवा अंधारी येते म्हणाले, तर त्या दिवसाचा खेळ संपला. प्रशिक्षकाने, कप्तानाने, मुलाने स्वतः कितीही विनवले तरी संपला. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटका, एक बाहुली मोठी होणे, कानानाकातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे, हातापायातली शक्ती जाणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करा. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले असेल तर मुलाला झोपू द्यायला हरकत नाही. फक्त त्याच्याजवळ कोणीतरी असावे. आणि मार मानेलाही लागला असेल, हातपाय बधिर वाटत असतील, तर त्याला उचलून बसवू नका. डोके आहे तसे धरून ठेवा आणि मदत येऊ द्या.

बाकीचे थोडक्यात सांगतो. नाकातून रक्त आले तर डोके मागे टाकायचे नाही, कांदा हुंगवायचा नाही. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटे सलग दाबून धरायचा, दर मिनिटाला सोडून "थांबले का?" असे पाहायचे नाही. खरचटलेला गुडघा वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. त्यावर माती, टूथपेस्ट, चुना, चहापूड काही नको. धनुर्वाताची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी राहिली असेल तर तेवढे निमित्त पुरे आहे, टोचून घ्या.

पक्का दात मुळासकट पडला तर तो फेकू नका. चावायच्या बाजूने धरा, मुळाला हात लावू नका, मळला असेल तर क्षणभर पाण्याखाली धरा आणि परत खाचेत बसवा. जमले नाही तर गार दुधात टाकून दंतवैद्याकडे धावा. अर्ध्या तासात पोहोचलात तर तो जगण्याची चांगली आशा असते. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

विटीदांडूची विटी किंवा शटल डोळ्याला लागले तर डोळा चोळू नका, दाबू नका, आणि सुरमा, मध, गुलाबपाणी यांतले काहीही घालू नका. कागदी पेला डोळ्यावर उपडा धरून चिकटपट्टीने बसवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. वरून काही दिसत नसले तरी न्या.

उन्हाचे विसरू नका. पोटरीत गोळा आला तर पाऊल वर ओढून स्नायू ताणा, सावलीत बसवा आणि क्षारसंजीवनी द्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा लहान, चहाचा. मूल बरळू लागले, अंग तापले, तर तो उष्माघात समजा. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत बर्फ ठेवा आणि त्याच वेळी गाडी बोलवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. रमजानात रोजेदार मुलांनी दुपारचा खेळ टाळावा, इफ्तारनंतर खेळावे. भोवळ आलेल्या मुलाने "रोजा आहे" म्हणून पाणी नाकारलेले मी पाहिले आहे. आजाऱ्याला रोजा सोडून पुढे कजा करण्याची सवलत आहे, हे आपण मोठ्यांनी त्याला आधीच सांगून ठेवायला हवे होते.

शेवटी शाळेच्या प्रथमोपचार पेटीबद्दल. निर्जंतुक गॉझ, क्रेप बँडेज, तिकोनी पट्टी, कात्री, चिकटपट्टी, साबण, हातमोजे आणि क्षारसंजीवनीच्या पुड्या एवढे त्यात असले की काम भागते. झाकणावर जवळच्या इस्पितळाचा आणि रिक्षावाल्याचा नंबर चिकटवा. पेटी कार्यालयात नको, मैदानावर हवी. एका शाळेत मी पेटी मागितली तेव्हा ती होती, चांगली भरलेली होती, पण कुलपात होती. आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ त्या दिवशी रजेवर होते.