मोबाईलवरचा कोणता ग्रुप कामाचा?



पूर्वी गावात एकच पार असायचा. आता खिशातच दहा-पंधरा पार झालेत. कपाशीचा ग्रुप, तुरीचा, बाजारभावाचा, कृषी केंद्रवाल्याचा, शिवाय भावकीचा. त्यातले सुप्रभात किती आणि कामाचे निरोप किती, हे एक दिवस मोजून पाहा.

आज कपाशीपुरतं बोलतो. एखाद्यानं डोमकळीचा फोटो टाकला की पुढच्या पाच मिनिटांत काय उत्तरं येतात ते बघावं. चार औषधांची नावं आणि “एकत्र करून मारा भाऊ” एवढंच येत असेल, तर त्या ग्रुपात हजार माणसं असली तरी उपयोग नाही. “पेरून किती दिवस झाले? सापळ्यात पतंग किती?” असं उलट विचारणारा एक जरी जाणकार असला, तर तो ग्रुप धरून ठेवा. गुलाबी बोंडअळीची फवारणी फोटोवरून ठरत नाही. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावायचे. सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ पतंग आले, किंवा शेकडा १० फुलं अथवा बोंडं किडलेली दिसली, तरच पंप काढायचा.

हे एवढं ताणून सांगण्याचं कारण आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं दगावली. त्यांत मजुरीनं फवारणारेही होते. औषधांची सरमिसळ हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. ग्रुपात सल्ला देणाऱ्याच्या पाठीवर काही पंप नसतो.

ग्रुप दुकानदाराचा असला म्हणून वाईट, असं नाही. खताची गाडी आल्याचं तिथंच आधी कळतं. औषधाची मात्रा मात्र डब्यावरच्या लेबलवरून किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच घ्यावी.

राहिला संकोच. ग्रुप सोडला तर पाहुणा रुसेल, म्हणून माणसं अडकून राहतात. २०२२ पासून व्हॉट्सॲपवर ग्रुप सोडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते. पाहुणाच ॲडमिन असला, तर सरळ म्यूट करून टाका. काही निकडीचं असलं तर तो फोन करीलच.

सापळे पेरणीनंतर ४५ दिवसांच्या सुमारास लावायचे असतात. त्याआधीच दोन ग्रुप ठरवून घ्या, आणि सापळ्यातले आकडे रोज तिथं टाकायला शेजारच्या शिवारातल्या चार-पाच जणांनाही सांगा.