लेकीची शिदोरी



माझी मुलगी ऑक्टोबरपासून सहा महिने जर्मनीत शिकायला जाणार आहे. ९० दिवसांहून अधिक मुक्काम, म्हणून व्हिसा निराळा. ते कागद तिनेच केले. मी सातवी शिकलेली. माझ्याकडे शिदोरीचे काम. पण युरोपीय संघाच्या देशांत इथून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे बाद झाले. मेतकूट नि गोडा मसाला बांधला आणि तिला लोणी कढवायला शिकवले. पहिल्यांदा करपले, तिसऱ्यांदा छान रवाळ झाले. बिनमिठाचे लोणी तिथे दुकानात मिळते.

भगिनींनो, मुलगा असो वा मुलगी, डबे भरण्याआधी हाताला वळण लावा. ते कोणी तपासणीत काढून घेत नाही.