नावांचा कागद



या संमेलनाचं अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. माझ्याहून लायक माणसं समोर बसली आहेत असं म्हणायची रीत आहे. ते म्हटलं असं समजा.

संयोजकांनी विषय दिला होता 'जव्हार-मोखाड्याच्या इतिहासाची साधने'. मुकणे घराण्याचं दप्तर, कॅम्बेलच्या ठाणे गॅझेटिअरातलं १८८२ चं जव्हारवरचं प्रकरण, सावे यांचं वारल्यांवरचं पुस्तक, या सगळ्यांचा आढावा घ्यायचा होता. टिपणंही काढली. पण या वयात असा माईक पुन्हा हाती यायचा नाही. तेव्हा मी एकाच साधनाबद्दल बोलणार, आणि तेही आपल्यापाशी नसलेल्या: जनगणनेच्या मूळ कागदांबद्दल.

पहिली शिरगणती १८७२ ची, पण ती विखुरलेली. सबंध हिंदुस्थानाची एकाच रात्रीत मोजणी झाली ती १७ फेब्रुवारी १८८१ ला. पुढे १९३१ पर्यंत हीच पद्धत. आधी काही आठवडे तलाठी, पाटील, शाळामास्तर घरोघर जाऊन काळ्या शाईनं नावं लिहीत. नेमलेल्या रात्री तोच कागद घेऊन पुन्हा फेरी. मधल्या काळात मेलेल्याचं नाव लाल शाईनं खोडायचं. बाळ जन्मलं, पाहुणा आला, तर लाल शाईनं वाढवायचं. फिरणाऱ्याला वाट दिसावी म्हणून तारीख चांदण्याची बघत. जिथे रात्री फिरणंच अशक्य, अशा डोंगराळ-जंगली मुलखाला दिवसा मोजायची सवलत होती.

जव्हार १९४८ पर्यंत संस्थान, मोखाडा इंग्रजी अमलातल्या शहापूर तालुक्याचा पेटा. राज्यं दोन, तरी दोन्हीकडचे आकडे मुंबई इलाख्याच्याच अहवालात गेले. १९०१ ला जव्हार संस्थानात ४७,५३८ माणसं होती, हे आज कुणालाही दोन मिनिटांत सापडतं. यातल्या एकाचंही नाव मात्र त्या अहवालात नाही. कोष्टकं तयार झाली की नावांचे कागद रद्दीत, लगद्याला. ही पद्धत इंग्रज गेल्यावरही चालू राहिली.

आकडेही साधन आहेत, हे काल इथे दोघा प्राध्यापकांनी सांगितलं. त्यांचा वाद रंगला तो आदिवासींच्या धर्माच्या रकान्यावरून. १९३१ च्या जनगणनेचे आयुक्त हटन यांनी आदिवासी धर्म वेगळा धरला, समाजशास्त्रज्ञ घुर्ये म्हणाले हे मागासलेले हिंदू. मी १९८१ ला प्रगणक होतो, मोखाड्याकडच्या एका पाड्यावर. कुडाच्या भिंतीवर गेरू धरेना म्हणून दाराच्या फळीवर नंबर टाकत चाललो होतो. निम्म्या झोपड्या बंद, माणसं वीटभट्टीवर. फेब्रुवारीत मोजल्यावर दुसरं काय होणार? (ते वेगळं भाषण आहे.) एका म्हाताऱ्याला धर्म विचारला. तो हसला, म्हणाला, "गुरुजी, तुमाला काय लिवायचा तो लिवा." माझ्या बाजूनं वाद तिथेच मिटला. हटन आणि घुर्ये ज्यावर भांडले, तो रकाना मास्तरांनी भरलेला होता.

आता मुद्द्याचं सांगतो. त्याच पाड्यावरचा एक गडी बऱ्याच वर्षांनी माझ्याकडे आला. वनहक्काच्या दाव्याला पुरावा हवा होता. म्हणाला, "गुरुजी, तुमीच ना आमच्या दारात बसून माझ्या बापाचा नाव लिवून नेला? तो कागद द्या." मी चौकशीला गेलो. एका कार्यालयातल्या कारकुनानं चहा पाजला आणि सांगितलं की ते सगळं कधीच गेलं. परत येऊन त्या गड्याला काय सांगितलं, ते इथे सांगत नाही.

वनहक्काच्या नियमांतला तेरावा नियम बघा. पुराव्यांच्या यादीत गॅझेटिअर आहे, जनगणनाही आहे. आणि १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ म्हणतं, या नोंदी कुणाला पाहता येणार नाहीत, न्यायालयात पुरावा म्हणून चालणार नाहीत. एक कायदा आणा म्हणतो, दुसरा दाखवणार नाही म्हणतो, आणि कागद तर मुळात ठेवलेलाच नाही! जात पडताळणीवाले ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. ज्यांच्या घरात कुणी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यांनी तो कुठून आणायचा? त्यांची नावं सरकारनं स्वतः येऊन लिहून नेली होती. मराठवाड्यात मराठा आरक्षणासाठी हैदराबाद गॅझेटिअरवरून एवढं रणकंदन झालं, तिथेही अडचण हीच: आकडे आहेत, नावं नाहीत.

गोपनीयतेचं कारण मला कुणी शिकवू नये. इंग्लंडही गुप्तता पाळतं, पण शंभर वर्षं. त्यांचे १९२१ चे कागद २०२२ च्या जानेवारीत लोकांसाठी खुले झाले. नातवंडं आजोबांचं हस्ताक्षर बघत बसली. अमेरिकेत बहात्तर वर्षांत खुले करतात. ज्यांनी आपल्याला मोजायला शिकवलं, त्यांनी स्वतःच्या घरचे कागद जपले आणि आपले रद्दीत घालायची रीत पाडून दिली. आणि आपण ती मुकाट्यानं पाळतो, याचा मला जास्त राग येतो.

२०२७ ची मोजणी मोबाइलवर होणार आहे. म्हणजे लगद्याचं निमित्तही उरणार नाही. कलम १५ बदला, शंभर वर्षांनी का होईना नावं खुली करा, असा ठराव या संमेलनानं करावा. मसुदा मी लिहिलेला नाही, कुणीतरी लिहा.

तोवर हाती आहे ते कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४ च्या जन्ममृत्यूच्या नोंदी, आणि जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं. वाळवी लागायच्या आत त्यांचे फोटो घ्यायला हवेत. परवानगी, कॅमेरा, पैसे हे सगळं ठरायचं आहे. जव्हारची बाजू मी बघतो. मोखाड्याची कोण घेतं, तेवढं चहाच्या वेळी सांगा.