घर : पहिली पाठशाळा

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बालकाचे मन कोऱ्या कापडासारखे असते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. कापडाच्या व्यवहारातील जाणकार मात्र सांगतील की, सर्व कोरी कापडे रंग सारखा घेत नाहीत. सुताचा गुण वेगळा, तसा रंगही वेगळा उतरतो. बालकांचेही तसेच आहे. एकाच घरातील दोन भावंडे भिन्न स्वभावाची निपजतात. तथापि एक गोष्ट निश्चित आहे. पहिला रंग चढतो तो घरातच. वयाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत बालकाच्या मेंदूचा आकार प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे नव्वद टक्के होतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. या काळात त्याचे गुरू कोण? आई, वडील, आजी, आजोबा, काका आणि काकू. हे गुरू शिकवीत नसतानाही बालक शिकतच असते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९६१ साली एक प्रयोग केला. काही लहान मुलांसमोर एका प्रौढ व्यक्तीने हवा भरलेल्या मोठ्या बाहुलीला मारझोड केली. नंतर त्या मुलांना तशाच बाहुलीजवळ सोडताच त्यांच्यापैकी अनेकांनी तीच मारझोड, तेच शब्द यांचे अनुकरण केले. ‘मार’ असे त्यांना कोणीही सांगितले नव्हते. त्यांनी केवळ पाहिले होते. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण याहून वेगळे काय सांगते?

या सत्याचे उत्तम दर्शन घडते ते पोरबंदर-राजकोटच्या गांधी कुटुंबात. करमचंद गांधी हे संस्थानचे दिवाण. त्यांच्या पत्नी पुतळीबाई. २ ऑक्टोबर १८६९ रोजी जन्मलेला मोहन हे त्यांचे धाकटे अपत्य. पुतळीबाई व्रतस्थ होत्या. एका चातुर्मासात सूर्यदर्शन झाल्याशिवाय अन्न घ्यावयाचे नाही, असा त्यांचा नियम होता. पावसाळ्याचे दिवस, आकाश अभ्राच्छादित. मुले अंगणात उभी राहून ढगांकडे टक लावीत आणि सूर्य दिसताच आईला हाक मारीत. आई लगबगीने बाहेर येई, तोवर सूर्य पुन्हा लपलेला असे. ती मुळीच खंत न करता, आज जेवण व्हावे अशी ईश्वराची इच्छा नाही, असे म्हणून हसतमुखाने कामाला लागे. व्रत म्हणजे काय, हे त्या मुलांना कोणी प्रवचनातून सांगितले नाही. ते त्यांनी अंगणात पाहिले.

वडिलांकडे जैन मुनी येत, त्या घरची भिक्षाही स्वीकारीत. मुसलमान आणि पारशी स्नेहीही येत. आजारी वडिलांची शुश्रूषा करणारा मोहन हे सर्व संवाद ऐकत असे. परधर्माविषयीचा आदर त्याच्या ठायी तेथेच रुजला.

तरीही हा बालक निर्दोष नव्हता, हे पालकांनी विशेष ध्यानात घ्यावे. एका मित्राच्या नादाने त्याने सुमारे वर्षभर चोरून मांसाहार केला. घरी आल्यावर भूक नसे, आई कारण विचारी, आणि तिच्याशी खोटे बोलावे लागे. ते खोटे त्याला सोसेना, म्हणूनच त्याने मांस सोडले. पुढे पंधराव्या वर्षी भावाचे पंचवीसेक रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी भावाच्याच सोन्याच्या कड्यातील तुकडा त्याने काढला. मन खाऊ लागले तेव्हा अपराध कबूल करणारी चिठ्ठी लिहून त्याने ती वडिलांच्या हाती दिली व शिक्षा मागितली. रुग्णशय्येवरील वडील उठून बसले. त्यांनी चिठ्ठी वाचली, डोळ्यांतून आसवे ओघळली, कागद भिजला. क्षणभर डोळे मिटून त्यांनी विचार केला आणि चिठ्ठी फाडून टाकली. ना शब्द, ना शिक्षा. अहिंसेचा हा पाठ पुत्राने जन्मभर जपला.

१८८८ साली विलायतेस जाण्याचा प्रश्न आला. तिकडे मुले बिघडतात, असे आईच्या कानी आले होते. तेव्हा मोढ वाणी कुळातून जैन साधू झालेले बेचरजी स्वामी यांनी मोहनला मद्य, मांस आणि परस्त्रीसंग यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली व आईने अनुमती दिली. लंडनमध्ये एका व्याख्येनुसार अंडी मांसात मोडत नाहीत, असे ऐकून त्याने काही काळ अंडी खाल्ली. पण लवकरच त्याला उमगले की, प्रतिज्ञेचा अर्थ पळवाट शोधणाऱ्याने लावावयाचा नसतो. आईच्या मनात मांस या शब्दाचा जो अर्थ होता, तोच त्याने अखेर बंधनकारक मानला आणि अंडी वर्ज्य केली. १८९१ साली तो परतला तेव्हा आई हयात नव्हती. आई गेली, पण तिने दिलेला नियम राहिला.

मात्र या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. तोच मोहन स्वतः चार पुत्रांचा पिता झाला. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी मुलांना शाळेत न घालता स्वतः शिकविण्याचे ठरविले. परंतु सार्वजनिक कार्याच्या रगाड्यात वेळ मिळेना. जोहान्सबर्गला घरापासून कचेरीपर्यंत पायी जाताना मुलांना बरोबर घेऊन वाटेत जे शिकविता येईल ते शिकवीत. नियमितपणे रोज निदान एक तास देता आला असता तर, अशी कबुली त्यांनी आत्मकथेत दिली आहे. मुलांची याविषयी तक्रार होती, हेही त्यांनी लपविले नाही. ज्येष्ठ पुत्र हरिलाल यांना विलायतेस जाऊन शिकण्याची इच्छा होती. ती अपुरी राहिली. १९११ साली ते पित्यापासून दुरावले, व्यसनाधीन झाले आणि पित्याच्या हत्येनंतर काही महिन्यांतच, जून १९४८ मध्ये मुंबईत निवर्तले. कारणे अनेक असतील. परंतु राष्ट्राला पित्याप्रमाणे लाभलेला पुरुष स्वतःच्या घरी एका मुलाला हवा तसा लाभला नाही, हे दुःख इतिहासात कायमचे नोंदले गेले.

श्रावक-श्राविकांनो, हा उत्तरार्ध व्यापारी समाजाला आणि संस्थेच्या कार्यकर्त्यांनाही विचार करावयास लावणारा आहे. दुकान सकाळी उघडते, रात्री बंद होते. उरलेला वेळ सभा, ट्रस्ट, उत्सव यांत जातो. मुलांसाठी शिकवणी, वाहन, मोबाइल सर्व काही असते. नसतात ते वडील. ‘हे सर्व त्यांच्यासाठीच तर चालले आहे’ असे म्हटले जाते. पण मुलाला त्या वाक्याचा अर्थ कळेपर्यंत त्याचे बालपण सरलेले असते.

दुसरी गोष्ट आचरणाची. ‘रंग जाईल का?’ असे गिऱ्हाईक विचारते. कच्च्या रंगाला पक्का म्हणून सांगणाऱ्या पित्याशेजारी सुट्टीत दुकानात बसलेला मुलगा असतो. वसुलीचा फोन येतो आणि ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ असे त्याच मुलाला सांगितले जाते. रविवारी पाठशाळेत तो सत्याणुव्रताचा अर्थ पाठ म्हणतो. यांपैकी कोणता पाठ त्याच्या ध्यानी राहील?

उपाय कठीण नाहीत. दिवसातला एक तास मुलांसाठी राखून ठेवावा. त्या तासात मोबाइल बाजूला असावा. आठवड्यातून काही दिवस तरी सूर्यास्तापूर्वी सर्व कुटुंबाने एकत्र भोजन करावे. आजी-आजोबांच्या गोष्टींना दूरदर्शन संचाइतका तरी मान मिळावा. मुलाने चूक कबूल केली तर प्रथम त्याच्या सत्य बोलण्याचा गौरव व्हावा, चुकीचा विचार नंतर करावा. ज्या घरी खरे बोलल्याबद्दल मार मिळतो, त्या घरी मुले खोटे बोलावयास शिकतात.

संवत्सरीच्या दिवशी समाज एकमेकांची क्षमा मागतो. व्यापाऱ्यांना, व्याह्यांना, दूरच्या आप्तांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ पोहोचते. परंतु किती पिते आपल्या दहा वर्षांच्या मुलासमोर हात जोडतात? विनाकारण रागावलो, दिलेला शब्द पाळला नाही, वेळ दिला नाही, असे किती जण म्हणतात? त्या एका क्षमायाचनेने मूल जे शिकेल, ते कोणत्याही पुस्तकातून शिकणार नाही.

संस्थेने पन्नास वर्षे पाठशाळा चालविली, ही अभिमानाची गोष्ट आहे. तथापि पाठशाळा आठवड्यातून एक तास भरते आणि घर अहोरात्र भरलेले असते. त्या मोठ्या पाठशाळेचे शिक्षक येथे सभागृहात उपस्थित आहेत. शताब्दीच्या स्मरणिकेत ज्यांची नावे झळकतील, ती बालके आज घरी वाट पाहत आहेत.

जय जिनेंद्र!